बेडकांची तात्पुरती सोय

आमच्या गॅलरीतल्या निळ्या पिंपात मला फेसाचा गोळा दिसला तेव्हा मी आठवीत होते. सकाळी दीड तास पाणी यायचं, तेवढ्यात आई ते पिंप भरून ठेवायची आणि मग दिवसभर घरातलं सगळं त्याच्यावर चालायचं. दुपारी शाळेतून आले, पाय धुवायला तांब्या बुडवायला वाकले, तर आतल्या बाजूला, पाण्याच्या वीतभर वर, साबणाचा फेस घट्ट झाल्यासारखं काहीतरी चिकटलेलं. बोट लावलं तर चिकट. आत मोहरीएवढे पांढुरके दाणे. पिंपाच्या झाकणाचा एक टवका उडालेला होता आणि आदल्या संध्याकाळी एक तपकिरी बेडूक त्याच फटीपाशी भिंतीला चिकटून बसलेला मी पाहिला होता. म्हणजे तो बेडूक नव्हता, बेडकी होती.

आईला हाक मारली तशी ती शिलाई मशीनवरून उठून, दातात दोरा तसाच धरून आली. वाकून बघितलं आणि म्हणाली, "शी! खरवडून टाक ते आधी."

"आई, त्यात अंडी आहेत."

"मग तर आधीच टाक. प्यायचं पाणी आहे ते."

मी पिंपापुढे हात पसरून उभी राहिले. संध्याकाळी बाबा येईपर्यंत आमची ही लढाई चालली. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरला होते. भांडणाचा त्यांना मनापासून कंटाळा. कुठल्याही भांडणावर त्यांचं औषध एकच. "राहू दे गं," ते आईला म्हणाले, "महिन्या-दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. तात्पुरती कुठेतरी सोय करू." आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशा तात्पुरत्या होत्या. गॅलरीच्या दाराला कडीऐवजी सुतळी होती, ती तात्पुरती होती आणि मी चौथीत असल्यापासून होती. माळ्यावरून माझा लहानपणचा आंघोळीचा गुलाबी टब खाली आला. उलथन्याने तो फेस अलगद सोडवून मी टबाच्या कडेला टेकवला, खाली पाणी घातलं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यातून स्वल्पविरामासारखे बेडूकमासे टपटप पाण्यात पडले. दोनशे तरी असतील.

वर्तकनगरच्या त्या कॉलनीत आमचं घर पहिल्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि ती गॅलरी. सकाळी सगळ्या मजल्यांवर एकदमच बादल्या वाजायला लागायच्या, नळाखाली हंडे सरकायचे, मग कुकरच्या शिट्ट्या, मग आईचं मशीन. आई साड्यांना फॉल लावून द्यायची. तिच्या मशीनचा आवाज थांबला की काहीतरी बिनसलंय असं मी ओळखायची. त्या पावसाळ्यात तो फार वेळा थांबला.

बेडूकमासे जगवणं सोपं असतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिल्याच दिवशी मी टबात नळाचं ताजं पाणी घातलं. त्या पाण्याला औषधाचा वास यायचा. संध्याकाळपर्यंत निम्मे मासे उलटे तरंगत होते. मग शाळेतल्या बाईंनी सांगितलं की पाणी दोन दिवस उघडं ठेवून मग घालायचं. पण आमच्या घरात दोन दिवस पाणी अडवून ठेवायला मोकळी बादली कुठली? मी आईची धुण्याची बादली पळवायची, आई ती ओतून परत घ्यायची. पालकाची पानं उकडून घालायची, तर आई म्हणायची, "तुझ्या बेडकांच्या पालकाचीच भाजी करते आज, मग कळेल." मी चिडायची, रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली पळवायची.

याच सुमाराला सुमनआत्या आली.

आत्या बाबांची धाकटी बहीण. बत्तीस-तेहतीस वर्षांची. तिला कल्याणला दिलेलं होतं. एका सकाळी हातात रेक्झिनची पिशवी घेऊन ती दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "वहिनी, चार दिवस राहीन म्हणते." आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीही न विचारता चहा टाकला. चार दिवसांचे पंधरा झाले. मला कोणी काही सांगितलं नाही. तेव्हा मुलांना सांगायची पद्धत नव्हती. मोठेपणी कळलं ते असं, की तिच्या यजमानांना राग आला की ते तिला दाराबाहेर काढून आतून कडी लावायचे. तासन् तास. येणारी-जाणारी माणसं जिन्यातून वर-खाली करत असायची आणि ही आपली दाराशी उभी, काहीतरी शोधतेय असं दाखवत.

पण मला तेव्हा दिसत होतं ते एवढंच, की आत्याला झोपायला जागा हवी म्हणून गॅलरीला प्लास्टिक लावलं, तिथे खाट टाकली आणि माझा टब बाहेर गेला. आधी मोरीत ठेवला. तिथे कपड्यांचा साबण उडाला आणि वीसेक मेले. मग जिन्याच्या वळणावर ठेवला. समोरच्या काकूंनी जिना पुसताना फिनेल टाकलं, त्याचे ओघळ टबापर्यंत गेले. मग गच्चीवर नेला, तर दोन दिवस ऊन पडलं आणि पाणी चहासारखं तापलं, वर कावळे. प्रत्येक वेळी मी तो जड टब दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पाणी अंगावर सांडत, जिन्यावरून वर-खाली करायची. आणि गॅलरीत माझ्या जागी आत्या खाटेवर बसून मोठ्याने गुळण्या करत असायची. ती घोरायची. तिच्या डोक्याच्या तेलाचा वास सगळ्या घराला यायचा. आईच्या आमटीत ती न विचारता गूळ टाकायची. मला ती आवडत नव्हती हे मी कशाला लपवू?

आता मी घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहते. आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीने मध्यंतरी दुकानातून बेडूक विकत आणला. हिरवा, गोल गरगरीत, परदेशी. सोबत पारदर्शक पेटी, झाकणाला जाळी, तळाला नारळाचा भुसा, तापमान दाखवणारा काटा. बाहेरचे बेडूक घरी आणू नयेत हे तिला शाळेतच शिकवलंय, ते योग्यच आहे. ती मला कौतुकाने दाखवायला घेऊन गेली. मी "छान आहे हो" म्हटलं, पण मनात इतकी चिडचिड झाली की मी फार वेळ थांबले नाही. एवढी एक पेटी मला त्या वेळी मिळाली असती तर, असं काहीतरी डोक्यात आलं. या वयात असं वाटावं याची लाजही वाटली.

शेवटी टब परत घरातच आला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दळणाच्या डब्याशेजारी. तोवर चाळीसेक उरले होते. त्यांना मागचे पाय फुटले, मग पुढचे. मी आनंदाने वेडी झाले. आणि त्याच आठवड्यात ते पुन्हा मरायला लागले. सकाळी उठावं तर दोन-तीन पाण्यात तळाशी, दोन-तीन बाहेर फरशीवर वाळून कडक झालेले. खायला घालत होते, पाणी शिळं होतं, काय चुकतंय ते कळेना. मी टबाशी उकिडवी बसून रडत होते. आत्या पलीकडे वाल सोलत बसली होती. भिजवून मोड आलेले वाल ती चिमटीत धरून असे दाबायची की साल एकीकडे आणि दाणा एकीकडे.

"निमे," ती म्हणाली, "पाय फुटले ना त्यांना? मग बसायला जागा नको? नुसतं पोहायचं तरी किती वेळ माणसाने?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिने हात पुसले, खाली गेली, कुठूनतरी वीट घेऊन आली आणि टबाच्या एका बाजूखाली सरकवली. पाणी दुसऱ्या बाजूला उतरलं, इकडे कोरडा उतार झाला. त्यावर तिने दोन कौलाचे तुकडे आणि अळूचं एक पान ठेवलं. तासाभरात एक पिल्लू, शेपटीचा तुकडा अजून मागे लोंबत असलेलं, सरपटत वर आलं आणि कौलाखाली बसलं. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापून, आईच्या मशीनवर त्याला गोल इलॅस्टिक घातलं आणि टबाला टोपीसारखं चढवलं. "आता कुठे जातात बघू," म्हणाली. माझ्या पिल्लांचं मरणं त्या दिवसापासून थांबलं. नखाएवढी पिल्लं, बोटांच्या टोकांना बारीक गोल चकत्या, त्यांच्या जोरावर टबाच्या भिंतीवर उभी चढायची आणि जाळीला उलटी लटकून बसायची. खायला चिलटं लागायची. म्हणून आत्या बाजारातून काळी पडलेली केळी आणायची, ती टबात ठेवली की चिलटं आपोआप. आईचा संताप. "स्वयंपाकघर आहे का उकिरडा? वन्सं, तुम्हीपण तिच्यात?" आत्या हसायची. आम्ही दोघी दुपारभर त्या टबाशी बसायचो. तेवीस पिल्लं होती. आत्याने कधी कुणाला हात लावला नाही, तिला किळसच वाटायची, पण प्रत्येकाला ती ओळखायची.

मी तिचे आभार मानले नाहीत. ते तिचं कामच आहे असं मला वाटायचं. जागा तिनेच घेतली होती ना माझी.

गणपती दहा-बारा दिवसांवर आले आणि कल्याणचे काका, म्हणजे आत्याचे यजमान, येणार असं ठरलं. बाबांनीच पत्र टाकून बोलावलं होतं. रविवारी जेवायला. गणपतीत घरची सून घरी नको का, असं काकांचं म्हणणं होतं, आणि बाबांचं म्हणणं होतं की समोरासमोर बसून बोललं की गोष्टी मिटतात. आई पहाटेपासून उभी. श्रीखंड, मसालेभात, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, कोथिंबीर वडी. जावयाचं जेवण. आत्याने सगळी मदत केली, पण तिच्या हातातून दोन वाट्या पडल्या. आईने टब उचलून बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या मागे ढकलला. स्वयंपाकघरात पाट मांडायचे होते. मी विरोध केला तर बाबा प्रथमच माझ्यावर डोळे वटारून म्हणाले, "आज एक दिवस तुझे बेडूक पुरे."

काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. माझ्या गालाला हात लावून म्हणाले, "काय, अभ्यास कसा चाललाय?" ते वाईट दिसत नव्हते, हे मला नीट आठवतंय. पंगत बसली. आत्या वाढत होती. काका प्रत्येक पदार्थाला छान म्हणत होते आणि मध्येच बाबांना म्हणत होते, "दादा, हिला कोणी काही बोललं की लगेच लागतं. संसारात एवढं तेवढं चालायचंच." बाबा मान हलवत होते.

तेवढ्यात एक पिल्लू भिंतीवर दिसलं. मग दुसरं, देवांच्या फळीवर. मी जेवणावरून उठून बाहेरच्या खोलीत धावले. टबावरची जाळी एका बाजूने सुटलेली, आत काळं केळं, आणि टब रिकामा. काका यायच्या आधी आत्याने चिलटांसाठी केळं टाकायला जाळी उचलली होती. दाराची बेल वाजली, तशी ती इलॅस्टिक न ओढताच गेली. मी परत आले तर एक पिल्लू काकांच्या ताटाशी. त्यांनी दचकून पाय मागे घेतला, त्यांच्या पाटाखाली एक चिरडलं. "अरे, हे काय!" ते ओरडले आणि उठले. उठताना आणखी एक. आई उलथनं आणि ताटली घेऊन धावली. घाईघाईत तिच्याही पायाखाली गेलं एखादं. दोन महिने मी जपलेली पिल्लं स्वयंपाकघराच्या फरशीवर तुडवली जात होती आणि आत्या हातात श्रीखंडाचं भांडं धरून नुसती उभी होती.

"तूच उघडं ठेवलंस!" मी किंचाळले. "तू आलीस तेव्हापासून माझं सगळं वाटोळं झालं! कशाला राहतेस इथे? जा ना तुझ्या घरी!"

मग काका पाय झटकत हसले. "घ्या. लहान पोरीला कळतं, ते हिला कळत नाही."

आत्याने भांडं ओट्यावर ठेवलं. हात धुतले. गॅलरीत गेली आणि पाच-सात मिनिटांत रेक्झिनची पिशवी भरून बाहेर आली. आईच्या पाया पडली, बाबांच्या पाया पडली. बाबा म्हणाले, "सुमे, नीट राहा." काकांच्या मागे ती जिना उतरून गेली. मी खिडकीतून बघितलंदेखील नाही. कपाटामागे, मशीनखाली, चपलांमध्ये मी पिल्लं शोधत होते. सहा सापडली.

खरं लिहायचं तर मला त्या दिवशी, आणि नंतरही कितीतरी दिवस, आत्याबद्दल काहीच वाटलं नाही. राग होता तो पिल्लं गेली त्याचा. गॅलरी मोकळी झाली, टब तिथे गेला, हवी तेवढी जागा मिळाली, आणि माझं त्यात लक्ष लागेना. चिलटांसाठी केळी कोण आणणार? आठवड्याभराने बाबा मला म्हणाले, "चल, सोडून येऊ." पोळ्यांच्या डब्यात ओली फडकी घालून आम्ही सहा पिल्लं येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी नेली. ओढ्याकाठी रानकेळीच्या पानांवर एकेक ठेवलं. बाबा बराच वेळ तिथेच उभे होते. परत येताना त्यांनी एवढंच विचारलं, "जगतील का गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत?"

दिवाळीनंतर निरोप आला की आत्या पुन्हा कल्याणच्या घरातून निघाली. या वेळी ती आमच्याकडे आली नाही. डोंबिवलीत तिची एक शाळेतली मैत्रीण होती, तिच्याकडे गेली. तिथेच एका औषधाच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायच्या कामाला लागली. बाबा तिला आणायला दोनदा गेले, दोनदा एकटे परत आले. पुढे तिने स्वतःची खोली घेतली, बढती मिळवली, निवृत्त झाली. लग्नकार्याला यायची, सणाला यायची, माझ्या बाळंतपणात रोज डबा घेऊन यायची. पण संध्याकाळ झाली की पिशवी उचलायची. आमच्या घरी ती त्यानंतर एकदाही मुक्कामाला राहिली नाही. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा नाही.

मी लहान नव्हते राहिले. मधले ते दोन-अडीच महिने ती कल्याणला कशी राहिली असेल, पुन्हा किती वेळा दाराबाहेर उभी राहिली असेल, हे मला कळायला लागलं आणि मग ते मनातून जाईना. कितीदा ठरवलं की बोलायचं. दरवेळी कोणीतरी असायचं, किंवा तीच विषय बदलायची. वैताग यायचा. माफीसुद्धा मागू देत नाही ही बाई, असं वाटायचं.

गेल्या दिवाळीत मी एकटीच तिच्याकडे गेले. घोडबंदरवर नेहमीसारखं तुंबलेलं, डोंबिवलीला पोचायला अडीच तास लागले. ती आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. दडपे पोहे करत होती. मी चप्पल काढता काढताच बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

"आत्या, मला तुझी माफी मागायचीय. त्या रविवारची. मी तुला जा म्हटलं."

"अगो, तेरा वर्षांची पोर तू!" ती खोबरं कुस्करत म्हणाली. "तुझ्या बोलण्यावर गेले होय मी?"

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच खाली बसले. तिने लिंबू पिळलं, बिया काढल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बोललीस ना, त्यावर मी दादाकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता. वहिनींकडे बघितलं, तर त्या खाली वाकून ती पिल्लं गोळा करत होत्या. मला वाटलं, दोघांपैकी कोणीतरी तुला 'गप्प बस' म्हणेल. तेवढं कोणी म्हटलं असतं ना, तर राहिले असते."

मग तिने मला बशी दिली आणि भावजयीची तब्येत विचारली.

आई माझ्याकडेच असते. एक्याऐंशी वर्षांची आहे, गुडघे गेलेत, बाकी सगळं शाबूत. मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ती बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत वाट बघत बसली होती. "काय म्हणाली सुमन? माझी आठवण काढली का?"

"काढली," मी म्हटलं. आत्याने दिलेला पोह्यांचा डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवला. ती सावकाश खात राहिली. दोन-चार घास झाल्यावर म्हणाली, "या महिन्यात बोलव गं तिला. सगळा जन्म गेला, पण ती कधी राहायला म्हणून आली नाही. मला नेहमी वाटतं, आपलं काय चुकलं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं.